आईचं ऑपरेशन, भूल आणि हैदराबादचा क्लोरोफॉर्म

मांजराकाठ (लातूर) | सोमवार, रात्री ९.४०

गेल्या महिन्यात आई तुळशीला पाणी घालताना अंगणात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ७१. ऑपरेशन इथंच लातूरला झालं, आता वॉकर धरून ओसरीपर्यंत येते.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी एक डॉक्टरीणबाई खोलीत आल्या. आम्हाला वाटलं सर्जनच्या असिस्टंट असतील. त्यांनी आईची नाडी बघितली, तोंड मोठ्ठं उघडायला लावलं, मान मागं करायला सांगितली, कुठला दात हलतो का ते बोटानं चाचपलं. मग प्रश्न. जिना चढताना दम लागतो का? आधी कधी भूल दिली होती का? रात्री उशी किती उंच लागते? मिसरी लावता का? आईनं सुनेसमोर "न्हाई" म्हणून टाकलं. बाई तिच्या पलंगावर टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, "मावशी, मी कुणाला सांगणार नाही. पण मला खरं लागतं." आई जरा थांबली. "दोन टायमाला लावते," म्हणाली.

ऑपरेशननंतर आई ज्याला त्याला एकच सांगते. "मला समदं ऐकू येलालतं. लोहार घन घालतोय तसं ठोकू लालते. पर दुखलं न्हाई बग. ती बाई उशाला बसून बोलू लालती, गाव कोणतं, लेकरं किती, वावर किती."

सर्जनचं नाव आमच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांना पाठ झालंय. या बाईंचं नाव मला बिलावर वाचून कळलं. हे मला फार टोचलं. दोन तास आईचा जीव ज्यांच्या हातात होता त्यांना आम्ही साधं "चहा घेता का" सुद्धा विचारलं नव्हतं. म्हणून गेले तीन आठवडे शाळा सुटल्यावर याच विषयावर वाचत बसते.

बॉस्टनची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. १६ ऑक्टोबर १८४६ ला मॉर्टन नावाच्या दाताच्या डॉक्टरानं मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये गिल्बर्ट ॲबट या रुग्णाला ईथर हुंगवलं आणि वॉरन या म्हाताऱ्या सर्जननं त्याच्या मानेवरची गाठ काढली. रुग्ण ओरडला नाही. तोवर चांगला सर्जन म्हणजे झटपट हात चालवणारा सर्जन. चार जणांनी रुग्ण दाबून धरायचा आणि ह्यानं काही मिनिटांत पाय वेगळा करायचा. मांडीतलं हाड नीट बसवणं, पोट उघडून शांतपणे आत बघणं, असल्या कामांना वेळच नव्हता. म्हणजे भुलेनं नुसतं दुखणं थांबवलं असं नाही, तिनं सर्जनला वेळ दिला. आईच्या खुब्यात जे झालं ते घाईत होण्यासारखं कामच नाही.

कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात ईथर पोचलं मार्च १८४७ मध्ये. जहाजानं प्रवास करायच्या काळात पाच महिने म्हणजे काहीच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात एडिनबराच्या सिम्प्सननं क्लोरोफॉर्म आणला.

पण मी खरी थांबले ती हैदराबादपाशी. १८८८ आणि १८८९ साली हैदराबादला दोन क्लोरोफॉर्म कमिशन, म्हणजे या औषधाचा धोका तपासणाऱ्या समित्या, झाली, आणि त्यांच्यावरून लंडनमध्ये वर्षानुवर्षं भांडणं चालली. तेव्हा आपला हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यातच होता. आम्हाला शाळेत मुक्तिसंग्राम शिकवला, तो शिकवायलाच पाहिजे, पण हे कुणी सांगितलं नाही.

त्या कमिशनमधलं शास्त्र मला पूर्ण उलगडलेलं नाही. इथं कुणी भूलतज्ज्ञ असतील तर सांगा. आणि जुन्या माणसांनी हेही सांगावं, की भूल गावोगाव पोचायच्या आधी आपल्याकडे लोक काय करायचे?

---

बालाघाटी (बीड) | सोमवार, रात्री १०.१५

चांगला धागा ताई. वाचनखूण साठवली.

पुण्याच्या कावसजीची गोष्ट यात यायला हवी. इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा हा मराठा गडी १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती लागला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढं पुण्याजवळच्या एका कारागिरानं कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते बघितलं, १७९४ साली लंडनच्या एका मासिकात चित्रासकट छापून आलं, आणि तिथून युरोपातल्या सर्जनांनी ही रीत उचलली. आपण हे अभिमानानं सांगतो आणि सांगावंच. पण मी जेव्हा जेव्हा ते चित्र बघतो तेव्हा वाटतं, कपाळाची कातडी सोलताना तो माणूस शुद्धीवर होता. त्याला काय झालं असेल ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

---

दुधनाकाठ (सेलू) | मंगळवार, सकाळी ६.०५

मांजराकाठ ताई, तुम्ही जुन्या माणसांना विचारलंत म्हणून लिहितो. मी ७६ वर्षांचा आहे.

आमच्या लहानपणी नारू घरोघरी होता. पायऱ्यांच्या बारवेत बाया-माणसं उतरायची, पाण्यात पाय बुडायचे, तेच पाणी प्यायला. साधारण वर्षभरानं पायाला फोड यायचा आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा किडा तोंड काढायचा. माझ्या आज्याच्या पायातून निघालेला मी बघितला आहे. तो ओढून काढता येत नाही. तुटला की आत राहतो आणि सगळा पाय सुजून पू होतो. म्हणून काडीला गुंडाळायचा. रोज बोटभर. आज ओढला, दुखायला लागलं की थांबायचं, काडी पायाला बांधून ठेवायची, उद्या परत. आज्याचे तीन आठवडे गेले. पेरणीचे दिवस होते, आणि आजा ओट्यावर पाय लांब करून बसलेला. रोज सकाळी माझा बाप काडी फिरवायचा तेव्हा आजा तोंडात उपरण्याचा बोळा धरायचा. भूल म्हणजे तो बोळा.

गळू, आवाळू असलं काही असलं की जर्राह यायचा. नस्तर मारायचा, वरून राखुंडी नाहीतर हळद. धरायला दोघं. मोठ्या माणसाला अफूची गोळी मिळायची, लेकरांना गूळ. हाड मोडलं की हाडवैद्य, तो गप्पा मारता मारता एकदम झटका द्यायचा. आता कळतं की त्या गप्पा उगाच नव्हत्या.

पोटाचं मोठं दुखणं असलं आणि पैसा असला तर मिरज. लातूरहून बार्शी लाइटची छोटी गाडी मिरजेला जायची. माझ्या आत्याला नेलं होतं. अख्खं गाव निरोप द्यायला वेशीपर्यंत आलं, कारण परत येईल असं कुणालाच वाटत नव्हतं. आत्या परत आली. तिला विचारलं काय झालं, तर म्हणाली, "तोंडावर जाळी ठेवली, गोड वास आला, म्या म्हटलं आकडे मोजायचे तर धा पतुर पण येत न्हाईत, आन् उठले तं पोट शिवलेलं." ती पुढं ४० वर्षं जगली. त्या वासाची आठवण काढली की तिला मळमळायचं.

---

अबोली (हिंगोली) | मंगळवार, दुपारी १.२०

काका, काडीला गुंडाळलेला नारू वाचून अंगावर काटा आला. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला असं आम्ही फक्त परीक्षेसाठी पाठ केलं होतं.

वाचतेय. माझा एक प्रश्न आहे, पण आधी हैदराबादचं येऊ द्या.

---

उशापाशी (नांदेड) | मंगळवार, रात्री ११.३०

मी भूलतज्ज्ञ आहे, ३० हून अधिक वर्षं हेच काम करतो. आमच्या कामावर कुणी एवढ्या आस्थेनं धागा काढेल असं वाटलं नव्हतं. ताईंनी विचारलंय तर नीट लिहितो, लांबेल.

आधी आपल्याकडचा उन्हाळा. ईथर साधारण ३५ अंशाला उकळतं. परभणीत मे महिन्यात सावलीतसुद्धा ४२ असतं. म्हणजे बाटलीचं बूच काढलं की निम्मं हवेत. वर ते पेट घेतं, आणि त्या काळी थिएटरमध्ये उजेड कंदिलाचा. क्लोरोफॉर्म ६१ अंशाला उकळतो, पेटत नाही, थोडासा पुरतो, वास गोड. त्यामुळे उष्ण मुलखातल्या डॉक्टरांना क्लोरोफॉर्मच हवासा वाटला यात नवल नाही.

पण क्लोरोफॉर्मला एक काळी बाजू होती. २८ जानेवारी १८४८ ला, म्हणजे सिम्प्सनच्या शोधाला तीन महिने व्हायच्या आत, इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी गेली. ऑपरेशन कसलं, तर पायाच्या बोटाचं नख काढायचं. फडक्यावर क्लोरोफॉर्म टाकून नाकाशी धरला आणि काही मिनिटांत खेळ संपला. पुढं अशा बातम्या येत राहिल्या. तरणीताठी, निरोगी माणसं, किरकोळ ऑपरेशन, आणि बहुतेक वेळा अगदी सुरुवातीलाच मृत्यू.

यावरून दोन पक्ष पडले. लंडनचा जॉन स्नो म्हणायचा की क्लोरोफॉर्म हृदय थांबवतो, म्हणून मात्रा मोजून, यंत्रातून द्या. हा तोच स्नो, ज्यानं पुढं १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपापाशी कॉलऱ्याचं मूळ दाखवलं. राणी व्हिक्टोरियाला १८५३ च्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यानंच दिला. दुसरा पक्ष एडिनबराचा. त्यांचे सर्जन साइम म्हणायचे की नाडी बघत बसू नका, श्वास बघा. आधी श्वास बंद पडतो, हृदय मागून. श्वासावर नजर ठेवली तर कुणी मरणार नाही.

या साइमांचा शिष्य एडवर्ड लॉरी हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन आणि मेडिकल स्कूलचा प्रमुख होता. त्यानं हजारो रुग्णांना क्लोरोफॉर्म दिला होता, आणि श्वास सांभाळला तर धोका नाही ही त्याची अगदी श्रद्धा होती. १८८८ मध्ये त्यानं कुत्र्यांवर प्रयोग करून पहिलं कमिशन उभं केलं. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकानं शंका घेतली. तेव्हा निजाम सरकारनं १००० पौंड देऊ केले आणि सांगितलं, तुमचा माणूस पाठवा, त्याच्या डोळ्यांसमोर प्रयोग होऊ देत. लॉडर ब्रन्टन हा त्या काळचा औषधशास्त्रातला मोठा माणूस १८८९ मध्ये हैदराबादला आला. येताना त्याचं मत लॉरीच्या विरुद्ध होतं. चारशेहून जास्त प्राणी, बहुतेक गावठी कुत्री. निकाल तोच निघाला, श्वास आधी थांबतो. ब्रन्टननं आपलं मत बदललं आणि तसं जाहीर तारेनं कळवलं.

इथवर वाचून वाटतं की हैदराबाद जिंकलं. तसं नाही. क्लोरोफॉर्मनं माणसं मरतच राहिली, श्वासावर नजर ठेवूनसुद्धा. उत्तर सापडलं १९११ मध्ये. गुडमन लेव्ही नावाच्या लंडनच्या डॉक्टरानं मांजरांवर दाखवलं की खोल क्लोरोफॉर्ममध्ये नाही, तर हलक्या, अर्धवट क्लोरोफॉर्ममध्ये ॲड्रेनलिन रक्तात गेलं तर हृदयाचे कप्पे नुसते थरथरायला लागतात आणि रक्त पुढं ढकललंच जात नाही. आता बघा. ॲड्रेनलिन अंगात केव्हा उसळतं? माणूस घाबरला की. हॅना फार घाबरलेली होती. मृत्यू सुरुवातीलाच का यायचे, किरकोळ ऑपरेशनात का यायचे, ते यातून कळतं. किरकोळ काम म्हणून क्लोरोफॉर्म थोडाच द्यायचे, रुग्ण अर्धा जागा, जिवाच्या भीतीनं हृदय आधीच धडधडत असलेलं.

हैदराबादच्या कुत्र्यांना क्लोरोफॉर्म भरपूर दिला होता, म्हणून त्यांचा श्वास आधी थांबला. प्रयोग खोटा नव्हता. तो त्या मरणाचा नव्हता, एवढंच. लॉरी या बाबतीत चुकला आणि शेवटपर्यंत आपलं म्हणणं सोडलं नाही. पण त्याचं जे अर्धं बरोबर होतं ते आम्ही आजही रोज पाळतो. मी शिकत होतो तेव्हा पल्स ऑक्सिमीटर आमच्याकडे नव्हता. सर सांगायचे, डावा हात हनुवटीखाली, करंगळी जबड्याच्या कोपऱ्यावर, आणि तळहातावर रुग्णाचा श्वास लागला पाहिजे. छातीवर स्टेथोस्कोपची वाटी पट्टीनं चिकटवायची, नळी आपल्या एका कानात. दुसरा कान सर्जनसाठी. लाइट गेली तरी ती नळी बोलत राहायची. ईथरचा वास घरी गेल्यावरसुद्धा अंगाला यायचा, मुलगी जवळ यायची नाही.

ताई, तुमच्या आईच्या उशाशी बसून त्या डॉक्टरांनी "वावर किती" विचारलं. आता तुम्हाला कळलं असेल की ते कशासाठी. आज क्लोरोफॉर्म नाही, पण घाबरलेल्या माणसाचं हृदय तेच आहे.

---

मांजराकाठ (लातूर) | बुधवार, सकाळी ७.१०

डॉक्टर, रात्री वाचलं आणि सकाळी परत वाचलं. आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती हॅनापाशी थांबली. "नखासाठी?" एवढंच म्हणाली, आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

---

गोदातीर (पैठण) | बुधवार, सकाळी १०.४५

माहिती छान आहे, पण निजामानं १००० पौंड दिले म्हणून त्याचं कौतुक मला पटत नाही. ते पैसे कुणाचे होते? आमच्या पणज्यांनी भरलेल्या साऱ्याचे. लंडनच्या साप्ताहिकाला बोलवायला पैसे होते, मग आमच्या खेड्यात दवाखाना का नव्हता? वर दुधनाकाठ काकांनी लिहिलंच आहे की १९५० नंतरसुद्धा लोक मिरजेला जात होते, म्हणजे राज्याबाहेर. आमच्या घरातली माणसं रझाकारांच्या काळात रातोरात गोदावरी ओलांडून गेलेली आहेत. हे विसरून अभिमान बाळगायला सांगू नका.

---

मांजराकाठ (लातूर) | बुधवार, संध्याकाळी ५.३०

गोदातीर दादा, तुमचं म्हणणं मनावर घेतलं. मी कौतुक करा म्हटलेलं नाही, पण लिहिताना तसं वाटलं असेल तर ती माझी चूक. तुमचा दवाखान्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. तेव्हा गादीवर सहावा निजाम महबूब अली खान होता, रझाकार पुढच्याच्या काळातले, पण साऱ्याचं तुम्ही म्हणता ते त्यालाही लागू आहे.

मला उलट असं वाटतं. पैसे आपल्या साऱ्यातून गेले म्हणूनच ती गोष्ट आपली आहे. ती निजामाच्या नावावर का सोडून द्यायची?

आणि त्यात एक बाई आहे, तिच्यासाठी तरी. रूपाबाई फर्दूनजी. हैदराबादची पारशी मुलगी. १८८५ मध्ये लॉरीनं मेडिकल स्कूलमध्ये पाच मुलींना घेतलं, त्यातली ही एक. १८८९ मध्ये तिला 'हकीम' ही पदवी मिळाली, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या कमिशनच्या कामात ती होती. पुढं कितीतरी वर्षं ती हैदराबादच्या दवाखान्यांत क्लोरोफॉर्म देत होती. १९०९ मध्ये आणखी शिकायला एडिनबराला गेली. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये तिला धरतात. पडद्यातल्या बायका, ज्या परक्या पुरुषाला नाडीसुद्धा दाखवायच्या नाहीत, त्यांच्या तोंडावर क्लोरोफॉर्मची टोपी ठेवताना समोर एका बाईचा चेहरा दिसला असेल. मला तेवढ्यासाठी ही गोष्ट शाळेत सांगाविशी वाटते. लॉरीसाठी नाही.

---

गोदातीर (पैठण) | बुधवार, रात्री ८.०२

रूपाबाईंचं माहीत नव्हतं. तुमचं पटलं ताई. दवाखान्याचं म्हणणं मात्र मी मागं घेत नाही.

---

लालकंधारी (उदगीर) | बुधवार, रात्री ९.२०

मी जनावरांचा डॉक्टर. थोडं अवांतर, पण विषय दुखण्याचा आहे म्हणून लिहितो.

हैदराबादच्या त्या चारशेहून जास्त प्राण्यांबद्दल कुणीतरी बोलावं असं वाटत होतं. त्यांच्या जिवावर माणसाचं दुखणं गेलं, आणि जनावराच्या दुखण्याला भूल पोचायला पुढं किती काळ गेला ते मी रोज बघतो. गोऱ्हा बडवायचा (खच्ची करायचा) म्हणजे पाय बांधून, पाडून, दोन लाकडांत धरून ठेचायचा. गावात आजही कुणी कुणी करतं. जनावर हंबरत नाही, म्हणून लोक म्हणतात त्याला दुखत नाही. गाय-बैल वेदना लपवतात. दात खातात, कान मागं पडतात, रवंथ थांबतो. मी चिमटा लावायच्या आधी सुन्न करायचं इंजेक्शन देतो आणि दहा मिनिटं थांबतो. मालक म्हणतो, "डॉक्टर, काहून टाइम घालवता, बैलच हाय." मी थांबतोच. त्याच मालकाला घड्याळ बघायला लावतो, आणि दहा मिनिटांनी बैल गप उभा राहिला की तोच पुढच्या वेळी शेजाऱ्याला सांगतो, इंजेक्शन देऊन करून घे.

---

अबोली (हिंगोली) | गुरुवार, दुपारी २.००

आता माझा प्रश्न. पहिलं बाळ सिझरनं झालं, आता सातवा महिना आहे आणि परत सिझर सांगितलंय. पाठ दुखते. सासूबाई, जाऊबाई सगळ्या म्हणतात की मणक्यातल्या इंजेक्शननं जन्मभराचं दुखणं लागलं, यावेळी पूर्ण भूलच घे. मी घाबरलेय. काय खरं?

---

उशापाशी (नांदेड) | गुरुवार, रात्री १०.५०

अबोली ताई, हा प्रश्न मला आठवड्यातून चारदा येतो.

सुईची जागा दोन-चार दिवस दुखते, ठणका राहतो, ते खरं. जन्मभराची पाठदुखी त्या सुईनं होत नाही. गरोदरपणात कमरेचे सांधे सैल होतात, पोटाचे स्नायू ताणले जातात, मग वाकून बाळाला पाजणं, उचलणं, पाण्याची भांडी. साधी बाळंत झालेल्या बायकांचीही पाठ दुखतेच, त्यांना कुणी सुई टोचलेली नसते. आणि सिझरला पूर्ण भुलेपेक्षा मणक्यातली भूल आम्ही का पसंत करतो, तर पोटुशी बाईच्या पोटातलं अन्न-आम्ल वर येऊन फुप्फुसात जायचा धोका पूर्ण भुलेत जास्त असतो. शिवाय तुम्ही जाग्या असता, बाळाचं पहिलं रडणं ऐकता.

डोकेदुखी मात्र होऊ शकते, आणि तिच्या पहिल्या रुग्णांमध्ये खुद्द शोध लावणाराही होता. जर्मनीत कील गावी ऑगस्ट बिअरनं १८९८ मध्ये मणक्यात कोकेन देऊन पाहिलं. रुग्णांची डोकी दुखली तेव्हा त्यानं ठरवलं, आता स्वतःवर. त्याचा मदतनीस हिल्डेब्रान्ट सुई टोचत होता, पण सिरिंज सुईला बसेना आणि बिअरच्या मणक्यातलं पाणी बरंच वाहून गेलं. मग हिल्डेब्रान्ट म्हणाला, माझ्यावर करा. त्याचे पाय सुन्न झाल्यावर बिअरनं नडगीवर लोखंडी हातोडी मारून बघितली, पेटती सिगार टेकवून बघितली. काही कळलं नाही. रात्री दोघंही वाइन पिऊन खुशीत झोपले. दुसऱ्या दिवसापासून बिअरचं डोकं असं दुखलं की नऊ दिवस तो उठून बसू शकत नव्हता, आडवा झाला की थांबायचं. हिल्डेब्रान्टच्या नडग्या काळ्यानिळ्या.

ती डोकेदुखी पाणी झिरपण्यानं होते. आज सुई केसासारखी बारीक असते, त्यामुळे फार कमी जणींना होते, आणि झाली तर उपाय आहेत. तुमच्या भूलतज्ज्ञांना आधीच भेटा आणि पाठदुखी केव्हापासून, कुठं, पाय बधिर होतो का, हे सगळं सांगा. त्यांचा चेहरा आधी बघून ठेवलात की थिएटरमध्ये निम्मी भीती कमी होईल.

---

बालाघाटी (बीड) | शुक्रवार, सकाळी ९.१५

पोटातल्या अन्नाचं निघालं म्हणून सांगतो. माझ्या चुलतभावाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं, १९९६ साली, एका खाजगी दवाखान्यात. रात्री बारापासून काही खायचं नाही सांगितलेलं. सकाळी नंबर लागेना, अकरा वाजले, लेकरू भुकेनं कासावीस झालं. माझ्या चुलतीनं पदराआड चहा-बिस्किट दिलं. मायेपोटी. विचारलं तेव्हा घाबरून "काही नाही खाल्लं" सांगितलं. भूल देताना उलटी झाली, फुप्फुसात गेली. १९ दिवस तो ऑक्सिजनवर होता. वाचला, पण चुलती त्यानंतर कधी बिस्किट खात नाही. दवाखान्याचीही चूक होती. उपाशी का, हे त्यांनी एकदाही नीट समजावलं नव्हतं. नुसतं "काही द्यायचं नाही" म्हणून दरडावलं होतं.

सुश्रुतसंहितेत उलट सांगितलंय हे वाचून मला आश्चर्य वाटलं होतं. शस्त्रकर्माआधी रुग्णाला आवडीचं जेवण द्या म्हणजे त्याला मूर्च्छा येणार नाही, आणि पिणारा असेल, वेदना सोसत नसेल तर तीक्ष्ण मद्य द्या म्हणजे शस्त्र कळणार नाही. मात्र पोटाचे रोग, मूळव्याध, मुतखडा, भगंदर, आडवं मूल, तोंडाचे रोग, इथं उपाशीपोटीच करा असंही तिथंच लिहिलंय.

---

उशापाशी (नांदेड) | शुक्रवार, रात्री ९.३०

बालाघाटी, तुमच्या चुलतीला माझा नमस्कार सांगा. दोष त्यांचा नाही, समजावून न सांगणाऱ्याचा आहे. मी नातेवाइकांना हातात कागद देतो आणि तोंडीही सांगतो: जड जेवण आठ तास आधी बंद, हलकं खाणं आणि दुधाचा चहा सहा तास, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. आणि चुकून खाल्लंच तर सांगा, आम्ही फक्त थांबतो, रागावत नाही. सुश्रुतांच्या काळी रुग्णाचा खोकला आणि ठसका शाबूत असायचा, वर आलेलं तो बाहेर टाकायचा. आमची भूल तो ठसकाच घालवते. म्हणून नियम उलटला.

---

दुधनाकाठ (सेलू) | शनिवार, सकाळी ५.५०

डॉक्टर साहेब, एक गोष्ट मी इथं सांगितली नव्हती. माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरलंय, सोमवारी, छत्रपती संभाजीनगरला. दोनदा तारीख घेऊन मी माघारी आलो. पोरांना सांगितलं बरं वाटतंय. खरं म्हणजे आत्याच्या त्या गोड वासाची भीती मनात बसली आहे, की मोजता मोजता गेलो आणि परत आलोच नाही तर. हा धागा वाचून परवा मुलाला सांगितलं की आता चल.

---

उशापाशी (नांदेड) | शनिवार, सकाळी ७.१५

काका, तो वास आता कुठंच नाही. तुम्हाला बहुतेक कमरेतूनच देतील, हवं तर जागे राहा, हवं तर थोडी गुंगी मागा. चार गोष्टी सांगतो. कवळी असेल तर काढून घरच्यांकडे द्यायची. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आजच फोन करून भूलतज्ज्ञांना सांगा, कमरेच्या भुलेत ते फार महत्त्वाचं आहे, आणि स्वतःच्या मनानं बंद करू नका. बीपीची गोळी घ्यायची का ते त्यांनाच विचारा. तंबाखू असेल तर खरं सांगा.

बोटाला एक चिमटा लावतील, करोनात सगळ्यांच्या घरी आला होता तोच. जपानच्या आओयागी नावाच्या माणसानं १९७४ च्या सुमारास शोधला, आणि तो माणूस करोनाच्याच पहिल्या महिन्यांत, एप्रिल २०२० मध्ये वारला. त्या चिमट्याचा टीक-टीक आवाज ऐकू येईल. तो तुमचाच श्वास आणि तुमचीच नाडी. आवाजाची पट्टी उतरली की भूलतज्ज्ञ मान वर करून बघतात, मग ते कुणाशीही बोलत असोत.

---

मांजराकाठ (लातूर) | शनिवार, सकाळी ८.००

काका, आईनं निरोप दिलाय. "उशाला जे कोन बसंल त्याला आपलं गाव सांगा, त्यो इचारायच्या आदी."

---

दुधनाकाठ (सेलू) | रविवार, रात्री ९.१०

गोळीचं फोन करून सांगितलं. बरं झालं, त्यांनी लिहून घेतलं आणि तुमचा उपकार मानला, डॉक्टर साहेब. भूल देणाऱ्या मॅडम संध्याकाळी येऊन गेल्या. तरुण आहेत, आमच्या नातीएवढ्या. नाव विचारून घेतलं आणि डायरीत लिहून ठेवलं. माहेर मानवतचं निघालं, तिथल्या बाजारात आमचा बाप कापूस घालायचा. तंबाखूचं खरं सांगितलं. जेवण साडेसातला झालं, बारानंतर फक्त पाणी. सकाळी आठचा पहिला नंबर आहे. कवळी वाटीत काढून ठेवली आहे.